जैतापूर : पाण्याचा हिशेब मांडा

संपादक महोदय,

जैतापूरच्या नियोजित सहा फ्रेंच ईपीआर (दाबाखालच्या पाण्यावर चालणाऱ्या) अणुभट्ट्यांची चर्चा किरणोत्सर्गावरच अडते. रोजची डोकेदुखी मात्र समुद्राच्या पाण्याची असते. १,६५० मेगावॉट वीज देणारी एक भट्टी जवळपास २,९०० मेगावॉट उष्णता समुद्रात सोडणार. पाणी सात अंशांहून जास्त तापू द्यायचे नसेल, तर सेकंदाला सुमारे शंभर घनमीटर पाणी खेचावे लागते. त्याबरोबर जेलीफिशही येतात! ऑगस्ट २०२५मध्ये फ्रान्समधील ग्राव्हलिन अणुवीज केंद्राच्या चार भट्ट्या त्यांनीच बंद पाडल्या. गाळणीचे ड्रम तुंबले होते. कंडेन्सरच्या (समुद्राच्या पाण्याने वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्राच्या) एखाद्या नळीला बारीक भोक पडले, तरी खारे पाणी थेट वाफेच्या चक्रात शिरते आणि स्टीम जनरेटर, म्हणजे भट्टीच्या उष्णतेवर वाफ तयार करणारा भाग, गंजू लागतो. पावसाळ्यातल्या गढूळ, खवळलेल्या समुद्रातून पाणी कसे घेणार, तो आराखडा आधी जाहीर व्हावा.

– एक वाचक, रत्नागिरी