डॉक्टर मॅडम, आप्पा आता खाटेवर झोपतात

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

मी ऐरोलीला राहतो, गाव शहापूर तालुक्यात, तुमच्या पीएचसीपासून (प्राथमिक आरोग्य केंद्रापासून) बरंच आत. माझा चेहरा तुम्हाला आठवणार नाही पण माझे वडील आप्पा आठवतील, जुलैमधला मण्यार साप चावलेला पेशंट.

पहाटे चारला चुलतभावाचा फोन आला, आप्पांच्या पोटात मुरडा येतोय, घसा दुखतोय, जीभ जड झालीये. मी शहरातला शहाणा, झोपेतच म्हटलं गॅस झाला असेल, गोळी दे. काकी म्हणत होती भगताकडे न्या. भावाने आमचं दोघांचंही ऐकलं नाही (नशीब!), आप्पांना बाईकवर मध्ये बसवलं, मागून शेजारच्या पोराने धरलं आणि भर पावसात तुमच्याकडे आणलं.

आणि तुम्ही होतात. खरं तर एवढंच सांगायला लिहितोय. आमच्या भागात डॉक्टरचं क्वार्टर असतं, त्यात डॉक्टर असतोच असं नाही, रात्रीचं गेलं तर "सकाळी या" ऐकायची सवय आहे लोकांना. तुम्ही दोन मिनिटांत दार उघडलंत.

पुढचं सगळं भावाकडून शंभरदा ऐकलंय. तुम्ही आप्पांना वर बघायला सांगितलं तर पापण्या उचलेनात. अंगावर कुठे खूण नाही, सूज नाही, काही नाही. मग तुम्ही विचारलंत, "बाबा, रात्री झोपला कुठे होतात?" आप्पा कसेबसे म्हणाले, "खाली, गोधडीवर." तेवढ्यावर तुम्ही ओळखलंत. मण्यार चावलेली झोपेत कळत पण नाही म्हणे, हे मला या वयात कळलं. सापाच्या इंजेक्शनच्या १० बाटल्या सलाईनमधून लावल्यात, काचेच्या नळीत रक्त घेऊन भावाला बजावलंत की २० मिनिटं हात लावायचा नाही, तो बिचारा घड्याळ बघत बसला होता, ते रक्त गोठलं म्हणजे घोणस-फुरशाचं विष नाही.

श्वास कमी पडायला लागला तेव्हा १०८ दारात उभी होती. तुम्हाला सोबत येता येईना, दुसऱ्या डॉक्टरची पोस्ट रिकामी आणि आत एक बाई कळा देत होती. म्हणून तुम्ही भावाला अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) दाबायला शिकवलीत, गाडीतले डॉक्टर दमले तर तू दाब, घाई करायची नाही, छाती वर येताना दिसली पाहिजे. टेम्पो चालवणारा आमचा भाऊ, पडघ्यापासून पुढे आळीपाळीने त्याने दाबली ती बॅग, माणकोलीच्या ट्रॅफिकमध्ये रडत रडत दाबली. ठाण्यात आप्पा ५ दिवस व्हेंटिलेटरवर होते आणि रोज संध्याकाळी तुमचा फोन.

नंतर पेढे घेऊन आलो तेव्हा कळलं तुम्ही बाँडवर आहात, एमबीबीएस झाल्यावर वर्षभर सरकारी नोकरी नाहीतर १० लाख भरा. पैसे भरून सुटणाऱ्यांना मी आधी मनसोक्त शिव्या घालायचो. तुमचं क्वार्टर बघितल्यापासून तेवढ्या जोरात घालत नाही. छताखाली बादली, रेंजसाठी फोन खिडकीच्या गजात अडकवलेला, आणि आदिवासी भागात २० हजार लोकांमागे एक पीएचसी हा नियम, त्या सगळ्यांना रात्री तुम्ही एकट्या. भातसा धरणाचं पाणी आमच्या तालुक्यातून मुंबई-ठाण्याला बिनबोभाट जातं पण उलट्या दिशेने एक डॉक्टर यायचा म्हटलं की बाँड लिहून घ्यावा लागतो!

मार्चमध्ये बाँड संपतो म्हणालात. थांबा म्हणायला माझं तोंड नाही, मी स्वतःच गाव सोडून ऐरोलीत आलोय.

आप्पा आता खाटेवर झोपतात, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचून, आणि वाडीत ज्याच्या त्याच्या घरी जाऊन तेच सांगत बसतात. नवा तांदूळ निघाला की ५ किलो घेऊन येणार आहेत तुमच्याकडे. पेढ्यांच्या बॉक्समधला एकच घेऊन बाकीचे परत केलेत तसं तेव्हा करू नका, ते ऐकणारे नाहीत.

तुमचा,
आप्पांचा मुलगा