कडा दुमडणाऱ्या काकांना

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

तुम्हाला परत जाऊन तीन आठवडे झाले. निघायच्या दिवशी मी माझ्या गाडीखाली पत्रा बसवून दिल्याबद्दल आभार मानायला तोंड उघडलं, तर तुम्ही बॅगेची चेन ओढता ओढता म्हणालात, "पत्रा तुझा, गाडी तुझी, गॅरेज जावयाचं. माझं काय गेलं त्यात?" मग मला बोलताच आलं नाही. तेव्हाचं राहिलेलं आता लिहिते, आणि मुद्दाम चारचौघांत लिहिते. ताई, म्हणजे तुमची लेक, तुम्हाला हे फोनवर वाचून दाखवील. मध्येच "बास" म्हणू नका, शेवटपर्यंत ऐका.

ज्यांना आपली हकिकत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं. मी अमेरिकेत इंडियाना राज्यात, लाफायेटला राहते. नवऱ्याचं संशोधन इथल्या विद्यापीठात आणि माझी नोकरी सत्तर मैल उत्तरेला, क्राउन पॉइंटजवळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. जाऊन-येऊन रोज 140 मैल, म्हणजे सव्वादोनशे किलोमीटर. घरात पूर्ण पगार एकच. गाडी 2007 सालची टोयोटा प्रियस, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली हायब्रिड, आमच्याकडे येईपर्यंत दोन मालक बघून झालेली. रस्ता आय-65 नावाचा हायवे. दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, आणि मध्ये पवनचक्क्यांचं मोठं रान. साताऱ्याच्या चाळकेवाडीला पठारावर असतात तशाच, पण इथे डोंगर नाही, सपाट शेतातून उगवल्यासारख्या उभ्या. वारा कुठून आहे ते त्या तोंड फिरवून सांगतात. वारा समोरून असला की गाडीचं ॲव्हरेज पडायचं, मागून असला की वाढायचं. दोन वर्षं रोज हे बघत होते. लॅबमध्ये दिवसभर दुसऱ्यांच्या रक्तातलं मोजायचं आणि घरी येऊन वहीत गाडीचं लिहायचं: तारीख, तापमान, वारा, वेग, ॲव्हरेज.

हायब्रिड म्हटलं की लोकांना वाटतं, बॅटरी सगळं सांभाळते. शहरात ते खरं आहे. ब्रेक दाबला की वाया जाणारी ताकद बॅटरीत जाते, सिग्नलला इंजिन बंद राहतं. पण हायवेवर तासाला 65 मैलांनी एकसारखं जाताना ब्रेक लागतोच कुठे? तिथे इंजिनाची बरीचशी मेहनत हवा बाजूला सारण्यात जाते. वेग दुप्पट केला की हवेचा रोध चौपट होतो, आणि त्याला पुरी पडायला लागणारी शक्ती आठपट. म्हणून तर इथल्या सरकारच्या सुधारित आकड्यांत या गाडीला शहरात गॅलनला (गॅलन म्हणजे साधारण पावणेचार लिटर) 48 मैल आहेत आणि हायवेवर 45. वरून गाडी छान निसरडी आहे, तिचा रोधांक, म्हणजे आकारामुळे हवा किती अडते तो आकडा, 0.26 (कमी तितका बरा), त्या काळच्या मोटारींत फार चांगला. खाली वाकून बघितलं की मात्र एक्झॉस्टचा पाइप, टाकीचा उंचवटा, सस्पेन्शनचे दांडे आणि त्यांच्यामधल्या पोकळ्या. हवा तिथे अडखळते. तो खालचा भाग झाकून सपाट करायचा, एवढंच माझ्या मनात होतं.

इथे निवडणूक झाली की अंगणांतले उमेदवारांचे फलक लोक टाकून देतात. नालीदार प्लास्टिकचे असतात, हलके आणि चिवट. मी घरोघरी विचारून अकरा फलक गोळा केले, कापले, प्लास्टिकच्या टाय मारून गाडीखाली बसवले. दोन महिन्यांत वहीत फरक दिसायला लागला. मग ऑइल बदलायला गाडी एका वर्कशॉपला दिली. परत मिळाली तेव्हा ते सगळं कटरने कापून, तुकडे करून डिकीत कोंबलेलं होतं. फोन नाही, विचारणं नाही. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "खाली कचरा अडकला होता, काढला." त्याची अर्ध्या तासाची मजुरीही बिलात लावली होती. ते मी बनवलं होतं असं मी सांगितलं, तर त्याने शेजारच्याकडे बघितलं आणि दोघं हसले. पार्किंगमध्ये गाडी सुरू न करता मी किती वेळ बसून होते ते मला आठवत नाही.

आपल्या माणसांनी तरी काय केलं? पाडव्याच्या जेवणाला हा विषय निघाला. "महिन्याचे दहावीस डॉलर वाचवायला गाडीखाली लोळतेस?" "एवढंच असेल तर इलेक्ट्रिक घे." बोलणाऱ्यांत तिघं मेकॅनिकल इंजिनीअर होते. मोजलंस कसं, आकडा काय आला, हे एकानेही विचारलं नाही. मला त्याचंच जास्त लागलं. ज्यांना हे कळतं त्यांनीच विचारू नये?

मे महिन्यात तुम्ही आणि काकू आलात. ताईकडे पोह्यांना बोलावलं होतं, तिथे तिने सहज माझी ही गोष्ट सांगितली. तुम्ही हसला नाहीत. बशी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "वही हाय का ती? बघू." मी घरी जाऊन वही आणली. तुम्ही चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचायला घेतलीत. थंडीत ॲव्हरेज का पडतं, विचारलंत. मी सांगितलं, गार हवा दाट असते, गाडीला ती कापायला जड जाते, शिवाय इंजिनाला ऊब धरायला वेळ लागतो. टाकी भरून हिशेब का करत नाहीस, विचारलंत. मी सांगितलं, इथल्या या प्रियसच्या टाकीत एक लवचीक पिशवी असते, दर वेळी पेट्रोल सारखं मावत नाही, म्हणून एका टाकीवर विश्वास ठेवता येत नाही. तुम्ही मान डोलावलीत आणि पान उलटलंत. पस्तीस वर्षं एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये बसच्या बॉडीला पत्रा ठोकलेला माणूस माझी वही वाचत होता, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मला माझं काम कुणाशी तरी बोलायला मिळालं.

त्यानंतर ताईच्या गॅरेजमध्ये आपण गाडीखालचं झाकण नव्याने बांधलं. ते शनिवार-रविवार आठवले की अजून घसा दाटून येतो. बारीकसारीक इथे लिहित बसत नाही, ज्याला करायचं असेल त्याने मला वेगळं विचारावं. दोन-तीन गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात.

एकदा मी तुम्हाला नासाचे इंजिनीअर सॉल्ट्झमन यांची गोष्ट सांगितली. 1973 मध्ये कॅलिफोर्नियात ते सायकलने कामावर जात असत. शेजारून ट्रक गेला की हवा आधी ढकलायची, मग आत ओढायची. त्यावरून त्यांनी विचार सुरू केला. मग त्यांच्या लोकांनी एका फोर्ड व्हॅनला चारी बाजूंनी ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकून तिचा चौकोनी डबा केला आणि पुढचे कोपरे गोल करत बघितलं, तर हवेचा रोध निम्म्याहून कमी झाला. हे ऐकून तुम्ही म्हणालात, "म्हंजे त्यांनीबी आधी एस्टीच बांधली की!" आणि मग बराच वेळ हातातला पत्रा तसाच धरून बसलात. कशाचा विचार करत होतात ते मी विचारलं नाही.

काकूंच्या विणकामाच्या पिशवीतली लाल लोकर आपण वीत वीत कापून गाडीच्या मागच्या काचेवर आणि बाजूंवर चिकटवली. ताईने शेजारच्या लेनमधून गाडी चालवली, काकूंनी फोनवर चित्रण केलं. जिथे धागे सरळ मागे पडले होते तिथे हवा नीट वाहत होती, जिथे गरगरत होते तिथे तुटत होती. मागच्या चाकांजवळ धागे वेड्यासारखे नाचत होते. मग पिझ्झाची पसरट ॲल्युमिनियमची ताटं आणून चाकांवर बसवायची ठरली. तुम्ही आधी ब्रेकचं विचारलंत. या गाडीत बराचसा ब्रेक मोटरच लावते, डिस्क कमी तापतात, हे पटल्यावरसुद्धा हवेला फट ठेवलीत. पुढची जाळी बंद करतानाही तेच. आत इंजिनाचा रेडिएटर आहे, मोटरला वीज पुरवणाऱ्या इन्व्हर्टरचंही पाणी तिथेच गार होतं. तुम्ही म्हणालात, "नाक दाबायचं, पर श्वास चालू पायजे." मग थोडीच जाळी झाकली आणि आठवडाभर तापमानावर डोळा ठेवला.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं पत्र.

एक्झॉस्टच्या बाजूला प्लास्टिक चालणार नव्हतं, म्हणून तिथे आणि पुढच्या कडेला तुम्ही ॲल्युमिनियमचा पत्रा घेतलात. मापाने कापला, भोकं पाडली. झालं असं मला वाटलं. तुम्ही पत्रा लाकडावर ठेवलात आणि लाकडी हातोडीने त्याची कड दुमडायला लागलात. एकदम नाही, थोडी थोडी, नाहीतर तडा जातो म्हणालात. सगळ्या बाजूंनी. ऑइल काढायला जी खिडकी ठेवली होती, तिच्या कडासुद्धा. रविवारची सगळी दुपार त्यात गेली. बाहेर ऊन, गॅरेजमध्ये उकाडा, तुमचा शर्ट पाठीला चिकटलेला. मी म्हटलं, "काका, हे गाडीच्या खाली आहे. कोण बघणार? आणि यानं ॲव्हरेजमध्ये काही फरक पडत नाही."

तुम्ही म्हणालात, "बघणार न्हाई. हात घालंल."

मला कळलं नाही. मग तुम्ही सांगितलंत, बसच्या पत्र्याला कुठे धार राहिली की कुणाचं तरी लुगडं फाटतं, लहान पोराचं बोट कापतं, आणि ते दापोडीत बसून आपल्याला कधीच कळत नाही. या गाडीचं ऑइल बदलायला कोणी तरी खाली हात घालणारच. मी लगेच म्हटलं, त्या लोकांसाठी? ज्यांनी माझं काम कापून डिकीत फेकलं त्यांच्यासाठी तुम्ही अख्खी दुपार घालवताय? मला खरोखर राग आला होता.

तुम्ही वर बघितलंसुद्धा नाही. "नवं पोरगं आसंल एखादं," एवढंच म्हणालात.

मग डोळे मिटून तुम्ही अंगठा त्या कडेवरून शेवटपर्यंत फिरवलात. एका ठिकाणी थांबलात, तिथे कानस मारली, पुन्हा फिरवलात. झाल्यावर मला म्हणालात, "तू फिरव." मी फिरवला. कड ताटाच्या काठासारखी गोल लागली.

काका, माझ्या तीन इंजिनीअर ओळखीच्यांकडे जे नव्हतं, त्या काउंटरवरच्या माणसाकडे जे नव्हतं, ते त्या कडेत होतं. ज्याचं तोंड कधी बघणार नाही, त्याच्या हाताची काळजी. अशी माणसं मी आधी बघितली नव्हती असं नाही. कॉलेजात असताना फलटणहून रात्रीच्या एसटीने यायचे. आमच्या फाट्यावर उतरलं की अंधार. एक कंडक्टर होते, माझा भाऊ सायकलचा दिवा हलवत येताना दिसेपर्यंत डबल बेल द्यायचे नाहीत. बसमधले लोक कुरकुरायचे. त्यांना मी कधी नाव विचारलं नाही, आभारही मानले नाहीत, तेव्हा ते सुचण्याचं वय नव्हतं. आज हे तुम्हाला लिहिताना त्यांनाही लिहिते आहे असं समजा. तुम्ही बांधलेल्या एखाद्या बसमध्ये ते उभे असतील, कोण जाणे. अशा माणसांबद्दल कुठे काही छापून येत नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

आकडा सांगायला हवा, कारण तुम्हीच तो खरा काढायला लावलात. वारा पडलेल्या त्या संध्याकाळी आपण एकाच रस्त्यावर तीनदा गेलो: सगळं काढून, सगळं लावून, पुन्हा सगळं काढून. चोवीस बोल्ट दोनदा काढले, एकदा लावले. मी म्हणत होते, दुसऱ्या वेळी कशाला काढायचं, कळलं की. तुम्ही म्हणालात, "आकडा खोटा नको." गाडीच्या स्क्रीनवर 65 मैलांच्या वेगाला गॅलनला आधी 49.2 मैल, मग 52.8, मग 49.0. माझ्या रोजच्या फेऱ्यांना आठवड्याला साधारण एक गॅलन पेट्रोल वाचतं. तेवढंच. मला तेवढं पुरेसं आहे, आणि ते खरं आहे.

मागच्या आठवड्यात ऑइल बदललं. त्या वर्कशॉपला नाही, दुसरीकडे. विशीतला एक मुलगा होता. गाडी लिफ्टवर गेल्यावर त्याने मला आत बोलावलं. माझ्या पोटात गोळा आला. तो म्हणाला, "हे कुणी केलंय? खिडकीसुद्धा आहे!" त्याने हातमोजे घातले नव्हते. खिडकी उघडली, हात घातला, काम केलं, बाहेर काढला. मी फक्त त्याच्या मनगटाकडे बघत होते.

मी त्याला सांगितलं की हे भारतातल्या एका बस बांधणाऱ्याने केलंय.

डाव्या बाजूची एक रिव्हेट थोडी सैल झाली आहे, मागच्या चाकाच्या पुढची. तुम्ही सांगितलेल्या मापाच्या दहा आणून ठेवल्यात, पण एकटीने रिव्हेटची गन धरायची अजून भीती वाटते. रविवारी तुमच्या रात्री आठला फोन करते. कॅमेरा गाडीखाली धरीन, तुम्ही सांगा, मी मारते. काकूंना नमस्कार. उरलेली लाल लोकर मी जपून ठेवली आहे.

तुमची,
लाफायेटची लेक