‘पौष्टिक’ ब्रेड आणि वाटीचं माप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शनिवारच्या पुरवणीत लाल भोपळ्याच्या ब्रेडची कृती आली होती. वर ‘पौष्टिक आणि लो फॅट’ असं ठळक, खाली साहित्य: दोन वाट्या मैदा, दोन वाट्या साखर, एक वाटी तेल, एक वाटी भोपळ्याचा गर. डॉक्टरांनी मला तेल आवरायला सांगितलंय, म्हणून सौ.ने कात्रण फ्रिजवर लावलं. वाचल्यावर मी ते काढून वजनकाट्याशेजारी ठेवलं. नोकरी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये झाली, मापाशिवाय हात चालत नाही.

पहिली हरकत वाटीला आहे. आमच्या फडताळात आमटीची वाटी १२० मिलिलिटरची आहे आणि खिरीची २००ची. लहान वाटीने तेल ११० ग्रॅम होतं, मोठीने १८४. साखर मोठ्या वाटीने घेतली तर ३४० ग्रॅमच्या घरात जाते. ब्रेडचे बारा काप केले, तर एका कापात २८ ग्रॅम साखर आणि १५ ग्रॅम तेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५मध्ये सांगितलंय की, अशी वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा. २,००० कॅलरी खाणाऱ्याला ती ५० ग्रॅम होते. म्हणजे चहाबरोबर दोन काप खाल्ले की दिवसाचा कोटा संपला, चहातली साखर वेगळीच. याला भोपळा घातला म्हणून पौष्टिक म्हणायचं? आमच्या आईचे घारगेही भोपळ्याचेच असत आणि कढईभर तेलात तळलेले असत. पण ते तब्येतीला चांगले म्हणून तिने कधी कुणाच्या पानात वाढले नाहीत.

दुसरी गोष्ट उलट बाजूची. शेजारच्या वहिनींनी तीच कृती तेल साफ वगळून केली. ब्रेड रबरासारखा निघाला. त्याचं कारण आहे. पिठातल्या प्रथिनांना पाणी लागलं आणि वर ढवळणं झालं की चिवट जाळं तयार होतं. तेल पिठाच्या कणांभोवती बसून ते जाळं आखूड ठेवतं, त्याने ब्रेड मऊ राहतो. तेल काढलं की दुसरं काहीतरी करावंच लागतं: ढवळणं कमी, ओल जास्त. आणि थोडं तेल राहू द्यावंच, कारण भोपळ्याला केशरी रंग देणारं कॅरोटीन अंगी लागायला जेवणात थोडी तरी चरबी लागते.

घरी आता जमलेलं प्रमाण असं. कणीक १५० ग्रॅम, मैदा ७०. भोपळ्याचा गर २२५ ग्रॅम, घट्ट दही ६०, तेल ३०, साखर १२०. एक अख्खं अंडं आणि दुसऱ्याचं फक्त पांढरं. खायचा सोडा पाऊण चहाचा चमचा, मीठ चिमूटभर, दालचिनीची पूड, किसलेलं जायफळ. मूठभर बेदाणे, द्राक्षांच्या जिल्ह्यात राहून ते वगळायचे म्हणजे जरा अतीच, शिवाय त्यांच्या गोडीमुळे कमी साखर खपून जाते. सगळं मिळून कापाला दीडशेच्या आसपास कॅलरी पडतात, त्यात तेलाच्या फक्त तेवीसेक. साखरेऐवजी गूळ चालतो, चवही छान येते. पण गुळाचा म्हणून दोन काप जास्त घेऊ नयेत, कॅलरी जवळपास तेवढ्याच.

खरी मेख गरात आहे. परदेशी कृतींत डब्यातला घट्ट गर धरलेला असतो. आपला भोपळा कुकरमध्ये पाण्यात शिजवला की पातळ होतो आणि ब्रेड मधून कच्चा राहतो. मी बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारातून फोड आणतो. गडद केशरी आणि आतून कोरडी असेल तीच, फिकट पाणचट असली तर पुढच्या गाड्यावर जातो. सालासकट वाफवायची, गर चमच्याने काढायचा आणि चाळणीत तासभर निथळू द्यायचा. वजन निथळल्यावर करायचं, आधी नाही.

दही, अंडं, तेल, साखर, गर एकत्र फेटा, हवं तेवढं फेटा. सोडा मात्र पिठात चाळून घ्या. दह्याची आंबट ओल लागली की तो लगेच काम सुरू करतो, म्हणून पीठ शेवटी टाकून, कोरडं दिसेनासं होईपर्यंतच हलवायचं आणि टिन ताबडतोब ओव्हनमध्ये सारायचा. मिश्रणात गुठळ्या राहिल्या तर राहू द्या. गिरणीची कणीक मैद्यापेक्षा जास्त पाणी पिते. मिश्रण चमच्यावरून सुटत नसेल तर दोन चमचे दूध घाला. आठ बाय चार इंचांच्या टिनात, आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १७० अंशांवर पन्नास ते पंचावन्न मिनिटं. मध्यभागी खुपसलेली विणायची सुई कोरडी निघाली की झालं. गरम कापू नये. तेल कमी आणि ओल जास्त असल्याने हा ब्रेड उन्हाळ्यात बाहेर टिकत नाही. दुसऱ्या दिवसापासून फ्रिजमध्ये ठेवावा.

चवीचं खरं सांगायचं तर पुरवणीतल्या कृतीचा ब्रेड जास्त चविष्ट होत असणार. एवढं तेल-साखर घातल्यावर न होऊन सांगतो कुणाला! सणावाराला तसा करावा आणि केक म्हणावं, माझी ना नाही. आक्षेप फक्त डोक्यावरच्या त्या दोन शब्दांना आहे. माझ्यासारखी कितीतरी माणसं पथ्य म्हणून ही पुरवणी वाचतात आणि शब्दावर भरवसा ठेवून तेल मोजतात.

तेव्हा विनंती अशी, की कृतींची मापं ग्रॅममध्ये छापावीत, किती काप होतात ते लिहावं, आणि ‘लो फॅट’ म्हणायचं असेल तर एका कापात तेल किती, तेही सांगावं. एका ओळीचं काम आहे. जागा कमी पडत असेल तर फोटो थोडा लहान करा.

आपला,
एक निवृत्त कामगार
जेलरोड, नाशिकरोड

ता. क. : अंडं न खाणाऱ्यांनी दोन मोठे चमचे जवसाची पूड सहा मोठे चमचे पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून घालावी. ब्रेड थोडा बसका होतो, पण आमच्या मजल्यावर संकष्टी सोडली तर सगळ्यांनी खाल्ला.