पाटी लावल्याने जबाबदारी टळत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गृहनिर्माण संस्थेतील भूमिगत पाण्याच्या टाकीचे लोखंडी झाकण गंजून तुटले आणि नवे येईपर्यंत म्हणून त्या जागी प्लायवूडचा तुकडा ठेवण्यात आला. तो महिनाभर तसाच राहिला. पार्सल घेऊन आलेल्या एका मुलाचा पाय भिजून फुगलेल्या त्या प्लायवूडवर पडला, तो मांडीपर्यंत आत गेला आणि त्याच्या नडगीचे हाड मोडले. कमिटीच्या सभेत यावर दोनच उत्तरे मिळाली : त्याने बघून चालायला हवे होते, आणि ‘बाहेरील व्यक्तींनी स्वतःच्या जबाबदारीवर आत यावे’ अशी पाटी गेटवर आहेच. मी त्या सभेत गप्प बसलो, याची खंत वाटते.

ही दोन्ही उत्तरे कायद्यापुढे टिकणारी नाहीत. दिल्लीच्या चांदनी चौकातील घड्याळाचा मनोरा 1951 मध्ये कोसळून माणसे मेली, तेव्हा दोष वरून दिसत नव्हता, असा बचाव तेथील महापालिकेने केला होता. ज्या बांधकामाचे आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे, ते ऐंशी वर्षे उभे होते आणि त्याची नीट तपासणी झालेली नव्हती, याकडे बोट दाखवून सर्वोच्च न्यायालयाने 1966 मध्ये तो बचाव फेटाळला. रस्त्यालगतच्या वास्तूतील छुपा दोषही शोधून काढणे हे मालकाचे कर्तव्य ठरले; मग उघड्या डोळ्यांना रोज दिसणाऱ्या प्लायवूडबद्दल काय बोलावे? पाटीचेही तसेच. हॉटेलच्या ताब्यात दिलेली गाडी चोरीला गेल्याच्या प्रकरणात, ‘मालकाच्या जोखमीवर’ असे छापून निष्काळजीपणाच्या दायित्वातून सुटता येत नाही, असे याच न्यायालयाने 2019 मध्ये म्हटले आहे. प्रश्न तिथे गाडीचा होता. माणसाच्या हाडांना त्याहून कमी संरक्षण असू नये. येणाऱ्याचीही चूक असेल, तर भरपाई कमी होऊ शकते, पण तेवढ्याने मालक मोकळा होत नाही.

अडचण वेगळीच आहे. पार्सलवाला मुलगा, घरकाम करणाऱ्या बाई, मीटर वाचायला येणारा कर्मचारी हे काही संस्थेचे ग्राहक नव्हेत, त्यामुळे ग्राहक आयोगाचा तुलनेने सोपा मार्ग त्यांना नाही. उरतो तो दिवाणी दावा, आणि हातावर पोट असलेला माणूस त्या वाटेला जात नाही. इंग्लंडमध्ये जागेच्या ताबेदाराची अभ्यागतांविषयीची जबाबदारी 1957 पासून स्वतंत्र कायद्यात लिहिलेली आहे. आपल्याकडे ती न्यायनिवाड्यांत विखुरलेली आहे. हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत असल्याने महाराष्ट्र विधिमंडळ तसा कायदा करू शकते. तोवर निदान गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे त्यांच्या कारभाराच्या नमुना नियमावलीत, अभ्यागतांच्या अपघातासाठी विमा घेणे बंधनकारक करावे. इमारतीचा आगीचा विमा आपण न चुकता काढतो, त्याच्या शेजारी हा खर्च जड नाही.

टाकीवर आता नवे झाकण बसले आहे. त्या मुलाचा औषधोपचाराचा खर्च आणि बुडालेली मजुरी संस्थेने द्यावी, असा ठराव मी येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी सचिवांकडे लेखी दिला आहे.

आपला,
एक सभासद, पुणे