माहितीपट बंदरावरही दाखवा

महोदय,

गुजरातच्या किनाऱ्यावरील व्हेल शार्कची कत्तल माइक पांडे यांच्या माहितीपटाने जगापुढे आणली आणि २००१ मध्ये या माशाला वन्यजीव कायद्याचे संरक्षण मिळाले. पण केवळ कायद्याने भागले नाही. रामकथाकार मोरारीबापूंनी या माशाला ‘व्हाली’, म्हणजे माहेरी आलेली लाडकी लेक म्हटले, तेव्हा मच्छीमार स्वतःचे महागडे जाळे कापून त्याला सोडू लागले. गोष्टीची ताकद ती हीच!

आपल्याकडे मात्र असे माहितीपट शहरातल्या महोत्सवांतच अडकतात. पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात मालवण, हर्णै, सातपाटीच्या मच्छीमार सोसायट्यांत, तिथल्याच बोलीतल्या निवेदनासह ते दाखवावेत. जाळे कापणारा मच्छीमारच त्यांचा नायक असावा.

– एक वाचक, रत्नागिरी