ताई, हे पत्र हीच तुमची फी

आदरणीय ताई,
सा. न. वि. वि.

बाबांनी ठेवलेल्या एका वहीचे ओझे उतरवायला तुम्ही मला एक कृती नेमून दिलीत आणि त्यासाठी माझ्याकडून एक पैसाही घेतला नाही. काम पुरे झाले की एक पत्र लिहायचे आणि मी काय मागितले, तुम्ही काय सांगितले, ते मी कसे केले आणि पुढे काय झाले, हे सगळे त्यात यायला हवे, एवढीच तुमची अट होती. ही रीत अलेहान्द्रो जोदोरोव्स्की या चित्रपट दिग्दर्शकाची आहे, सल्ल्याच्या बदल्यात ते लोकांकडून असेच पत्र मागत आले आहेत, हेही तुम्ही तेव्हाच सांगितले होते. तुमच्या परवानगीने मी ते उघडपणे लिहीत आहे, कारण आपल्या नागपुरात माझ्यासारखे ओझे घेऊन वावरणारी माणसे पुष्कळ असतील आणि त्यांना तुमच्यासारखे कोणी भेटलेले नसेल.

बाबा इतवारीत एका धान्याच्या पेढीवर आयुष्यभर मुनीम होते. पेढीची कीर्द-खतावणी ते लिहीतच, पण घरीही लाल कापडी बांधणीची एक वेगळी वही त्यांनी ठेवली होती आणि त्या वहीत माझे खाते होते. पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. दूध सांडले, गणितात ६२, पाहुण्यांसमोर उत्तर दिले नाही, चप्पल हरवली, अशी प्रत्येक चूक तारखेसह नावेच्या बाजूला लिहिलेली असे. अक्षर सुरेख, एकही खाडाखोड नाही. दर रविवारी जेवणाआधी ते पान मोठ्याने वाचले जाई आणि मी समोर उभा राहून ऐकत असे. जमेची बाजू शेवटच्या पानापर्यंत कोरी होती.

बाबा गेल्यावर ती वही माझ्या कपाटात आली. ती फेकवत नव्हती, उघडवतही नव्हती. ऑफिसात साहेबांनी फाइल उघडली की माझा घसा बंद होई. रात्री अंथरुणावर पडलो की दिवसभरातल्या चुका तारखेवार डोळ्यांपुढे येत. मुलीच्या प्रगतिपुस्तकावर सही करायला पेन उचलला की हात थांबे, म्हणून ती सही नेहमी तिच्या आईनेच केली. समुपदेशक मॅडमकडे मी जात होतो, त्यांच्यामुळे झोप परत आली आणि हे सगळे कुठून येते हे मला नीट उमगले, त्याबद्दल त्यांचेही ऋण आहेच. पण उमगल्यानंतरही वही कपाटातच होती, आणि तिचे काय करू, एवढेच मी तुमच्याकडे मागायला आलो होतो.

तुम्ही लगेच काही सांगितले नाही. मला रविवारच्या बैठकीत बसवले आणि जोदोरोव्स्कींचा २०१३ चा 'द डान्स ऑफ रिॲलिटी' दाखवला. हा माणूस १९२९ मध्ये चिलीतल्या तोकोपिया या बंदरगावात युक्रेनहून आलेल्या ज्यू कुटुंबात जन्मला, पॅरिसमध्ये मार्सेल मार्सो यांच्याबरोबर मूकाभिनय केला, १९७० च्या 'एल टोपो'ने न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्रीच्या खेळांची चाल पाडली, आणि 'ड्यून' या कादंबरीवरचा त्याचा अवाढव्य बेत कधी पडद्यावर आलाच नाही, हे तुम्ही चहा होईपर्यंत सांगून टाकले. माझे सगळे लक्ष मात्र पडद्यावरच्या त्या दुकानाकडे होते. २३ वर्षे एकही चित्रपट न केलेला, चौऱ्याऐंशीच्या घरातला हा दिग्दर्शक आपल्या बालपणीच्या गावी परत जातो, बापाचे दुकान पुन्हा उभे करतो, बापाच्या भूमिकेत स्वतःच्या मुलाला, ब्रोंतिसला, उभा करतो आणि पडद्यावर स्वतः येऊन लहानपणच्या स्वतःला मिठीत घेतो. तो बाप मुलाला भूल न देता दाताच्या डॉक्टरसमोर बसवतो तेव्हा मी खाली पाहत होतो. तुम्ही ते पाहिले असावे, पण काही बोलला नाहीत. शेवटाकडे त्या बापाच्या हातात पिस्तूल येते, स्टालिनच्या, चिलीच्या हुकूमशहा इबान्येझच्या आणि स्वतःच्या अशा तिन्ही तसबिरींवर तो गोळी झाडतो, त्या पेटतात आणि त्याचे आखडलेले हात मोकळे होतात. जोदोरोव्स्कींना आईला ऑपेराची गायिका झालेले पाहायचे होते, म्हणून या चित्रपटात ती सगळे संवाद गाऊनच म्हणते, हे तुम्ही सांगितल्यावर मला माझी आई आठवली, जी वही वाचली जाई त्या रविवारी स्वयंपाकघरात भांडी घासण्याचा आवाज मोठा करत असे.

मग तुम्ही त्यांची 'सायकोमॅजिक'ची कल्पना समजावलीत. मनोविश्लेषण आपल्या आत दडलेल्या गोष्टींना बुद्धीच्या भाषेत आणू पाहते. जोदोरोव्स्की उलट्या दिशेने जातात. आपले अंतर्मन प्रतीकाच्या रूपात केलेली कृतीही खरी घडलेली घटना म्हणून स्वीकारते असे ते मानतात, आणि म्हणून प्रत्येकाच्या दुखण्याला त्याच्यापुरती एक कृती नेमून देतात. मेक्सिकोत पाचिता नावाच्या एका वैदूबाईंजवळ राहून त्यांनी पाहिले, की तिच्या उपचारांतले नाट्यही माणसाला आतून हलवते. कृतीत राग असेल, मोडतोड असेल, तर तिचा शेवट काहीतरी उगवण्यात व्हावा, बहुधा एखादे रोप लावण्यात, हा त्यांचा आग्रह. आणि घाव एका माणसाचा नसतो, तो घराण्यातून खाली येतो, म्हणून आजोबा-पणजोबांपर्यंत वंशवृक्ष तपासावा, हा दुसरा.

या राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तो असलाच पाहिजे असे मला वाटते, त्यामुळे 'मॅजिक' हा शब्द ऐकून मी सावध झालो होतो. तुम्ही तेही न विचारता ओळखले. याला वैद्यकीय चाचण्यांचा आधार नाही, हे औषध नव्हे, मॅडमकडे जाणे आणि गोळ्या यांपैकी काहीही माझ्या सांगण्यावरून बंद करायचे नाही, असे तुम्ही स्पष्ट सांगितले, आणि रात्री फार जड झाले तर फोन करायला टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चिठ्ठीवर लिहून दिला. भीती घालायची नाही, चमत्काराचा शब्द द्यायचा नाही, पैसे घ्यायचे नाहीत, ही तुमची तीन पथ्ये पाहूनच मी पुढे आलो. जोदोरोव्स्कींचे प्रत्येक विधान उचलून धरण्यासारखे नाही हेही तुम्हीच म्हणालात, आणि त्या प्रामाणिकपणामुळे माझा विश्वास अधिक वाढला.

पुढे तुम्ही म्हणालात की तोकोपियापर्यंत जायची गरज नाही, आपल्या गावात हे दरवर्षी रस्त्यावर होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, १८८१ पासून काळी आणि १८८५ पासून पिवळी मारबत, म्हणजे पीडा घेऊन जाणारा बाईचा मोठा पुतळा, मिरवत निघते, सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, निघतात आणि सगळे गाव ओरडते, की ईडा पीडा घेऊन जा गे मारबत. लहानपणापासून मी त्या गर्दीत उभा राहिलो, पण माझी पीडा तिच्याबरोबर पाठवता येईल हे मला कोणी सांगितले नव्हते.

तुमची कृती अशी होती: आधी इतवारीत जाऊन बाबांना ओळखणाऱ्या माणसाशी बोलायचे. मग बाबांची काळी टोपी घालून, त्यांच्याच बैठ्या मेजाशी बसून वहीची जमेची बाजू लिहायची, घरच्यांना विचारून, निळ्या शाईने. बेरीज मारायची नाही. एक पान बाबांच्या नावाने उघडायचे. मग बाबांच्या फोटोसमोर ही वही तुमची होती, ती तुम्हाला परत करतो, असे मोठ्याने म्हणायचे, तिच्या पानांची मारबत करायची, तान्ह्या पोळ्याला ती मिरवून जाळायची आणि राखेत रोप लावायचे.

इतवारीत बाबांच्या बरोबरीचे एक काका भेटले. ते म्हणाले, पेढीवर कीर्दीत चूक निघाली की पगारातून रक्कम कापली जायची. तुझ्या बाबांचा अगदी पहिला पगार निम्मा कापला गेला होता, आणि त्या दिवसापासून ते प्रत्येक आकडा दोनदा तपासत. हे बाबांनी घरी कधी सांगितले नव्हते. बाबांच्या पानावर मी पहिली नोंद तीच केली.

जमेच्या बाजूला काय लिहावे हे मात्र मला सुचत नव्हते. टोपी घालून बराच वेळ नुसता बसलो होतो. आई गहू निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "लिही. सातवीत होतास. मला ताप होता. चहा करून दिलास, साखर जास्त झाली होती." मी लिहिले. मग तिने दुसरी सांगितली, तिसरी सांगितली, बहिणीला फोन लावायला लावला, तिच्याकडून आणखी आल्या, आणि रात्र झाली तरी आई थांबली नाही. इतकी वर्षे तिने हे खाते मनात ठेवले होते. ताई, तुमच्या सगळ्या कृतीत मला सर्वांत मोलाचे काय वाटते असे कोणी विचारले तर मी हेच सांगेन, की घरच्यांना विचारून लिहायचे ही अट तुम्ही घातलीत आणि माझ्या आईला बोलायला जागा मिळाली.

मारबतीसाठी खळ तिनेच शिजवली. बांबूच्या कामट्या मी बांधल्या, मुलीने पाने चिकटवली, वहीच्या लाल कापडाची चोळी झाली आणि आईने आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा वर नेसवला. डावीकडची निळी आणि उजवीकडची लाल अक्षरे तिच्या अंगभर दिसत होती. तान्ह्या पोळ्याला गल्लीतली मुले लाकडी बैल घेऊन निघाली होती, त्यांच्या मागून आम्ही निघालो. मला ओरडवेना. तेव्हा आईच ओरडली, "रविवारचा हिशेब घेऊन जा गे मारबत!" आणि मुलांनी ते लगेच उचलले. मैदानाच्या कडेला ती जाळली. राख थंड झाल्यावर तीत माती मिसळून अंगणात गोडलिंबाचे रोप लावले.

आता परिणामाविषयी. साहेबांसमोर घसा अजूनही कोरडा पडतो, पण बंद होत नाही, आणि मी बोलतो. रात्रीची तारखेवार उजळणी जवळजवळ थांबली आहे. काही रात्री येते, तेव्हा मॅडमनी शिकवलेला श्वासाचा व्यायाम करतो. दिवाळीआधी मुलीचे सहामाहीचे प्रगतिपुस्तक आले, त्यावर सही मी केली. बाबांचा राग मला अजून येतो. तो येऊ द्यावा असे तुम्हीच म्हणाला होतात, आणि मृत माणसावर रागावण्याची परवानगी देणारे माझ्या आयुष्यात दुसरे कोणी भेटलेले नाही, त्यासाठी तुमचे आभार वेगळे मानतो. आईने बाबांच्या फोटोला हार घालणे मध्यंतरी बंद केले होते. तिने ते परत सुरू केले आहे, तेही मी न सांगता.

एक विनंती आहे. बहिणीने त्या रात्री फोनवर माझ्या जमेच्या नोंदी सांगितल्या, पण घरात तिच्या नावाची वहीच कधी नव्हती, चांगली नाही आणि वाईटही नाही, आणि हे बोलताना तिचा आवाज बदलला होता. तिला तुमच्याकडे यायचे आहे. येत्या रविवारच्या बैठकीला तिला घेऊन आलो तर चालेल का, एवढे कळवावे.

आपला ऋणी,
जुनी शुक्रवारी, नागपूर