पावणेतीन तासांची कारकीर्द

पुणे

प्रिय सुधीर यास,
सप्रेम नमस्कार.

अवघे चार चित्रपट केलेल्या ज्याँ व्हिगो या फ्रेंच दिग्दर्शकाचे एवढे कौतुक कशासाठी, असे तू मागच्या पत्रात विचारलेस. ते चारही सलग पाहिले तरी जेमतेम पावणेतीन तास लागतात, हे मीच तुला सांगितले होते, त्यामुळे तक्रार करायला मला जागा नाही.

व्हिगो १९०५ साली पॅरिसमध्ये जन्मला. त्याचे वडील अराज्यवादी पत्रकार होते. १९१७ मध्ये तुरुंगात बुटाच्या नाडीने गळा आवळला जाऊन ते मेले, आणि ती आत्महत्या की खून, हा वाद अजून मिटलेला नाही. बारा वर्षांच्या मुलाला मग खोटे नाव देऊन वसतिगृहाच्या शाळेत ठेवण्यात आले. पुढे क्षयाने गाठले. उपचारांच्या काळातच त्याची पुढची बायको लिदू भेटली आणि सासऱ्यांनी दिलेल्या पैशांतून कॅमेरा आला.

मला थक्क करते ते हे, की या माणसाने भोगलेले किंवा शिकलेले काहीच वाया जाऊ दिले नाही. १९३१ मध्ये तारिस या जलतरणपटूवर त्याने नऊ-दहा मिनिटांचा एक फर्माइशी लघुपट केला. काम किरकोळच, पण पाण्याखालचे चित्रण त्याला तिथे गवसले, आणि तीन वर्षांनी ‘लातालांत’ या चित्रपटात रुसून गेलेल्या बायकोचा चेहरा दिसावा म्हणून नावाडी नवरा नदीत बुडी मारतो, तेव्हा तेच पाणी परत येते. वसतिगृहातल्या दिवसांचा ‘झेरो द काँद्वीत’ हा चित्रपट झाला. त्यात मुले उशा फाडून संथ गतीने पिसांच्या पावसात मिरवणूक काढतात. त्या प्रसंगासाठी संगीतकार जोबेर याने चाल उलटी लिहिली, वादकांकडून तशीच वाजवून घेतली आणि ते मुद्रण पुन्हा उलटे फिरवले. सूर ओळखीचे वाटतात, पण हाती लागत नाहीत. मुलांच्या या बंडाला सरकार एवढे घाबरले की महायुद्ध संपेपर्यंत बंदी उठली नाही.

‘लातालांत’चे चित्रण ऐन हिवाळ्यात, कालव्यांवर, अंगात ताप घेऊन झाले. वितरकांनी त्याची काटछाट केली, एक लोकप्रिय गाणे घुसडले आणि नावही त्या गाण्याचेच दिले. त्या अवतारात तो पडद्यावर आला, आणि ऑक्टोबर १९३४ मध्ये व्हिगो गेला. वय एकोणतीस. चित्रपट त्याच्या मूळ रूपाच्या जवळ पोचायला १९९० साल उजाडले.

दिवाळीत येशील तेव्हा पावणेतीन तास राखून ठेव. पिसांचा प्रसंग आपण दोनदा पाहू. दुसऱ्यांदा डोळे मिटून.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनंत